बारीक माणसाला लागतं तरी किती?

पुण्याहून दौंडकडे जाताना यवत आणि केडगावच्या मध्ये खुटबाव हे छोटं स्टेशन लागतं. ऊस, गुऱ्हाळं, कालव्याचं पाणी असा हा पट्टा. म्हणजे दुष्काळी म्हणावा असा मुलूख नाही. तरीही इथल्या रानात खुरपायला, बांधणीला, लागणीला जाणाऱ्या बायकांमध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या पुष्कळ दिसतील. गावाकडे त्यांना कुणी अशक्त म्हणत नाही, काटक म्हणतात. त्या स्वतः म्हणतात, ‘आमची हाडंच बारीक.’ आणि घरातलं कुणीतरी पुढचं वाक्य बोलतं, ‘तिला लागतंय किती!’

हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी निदान दोन पिढ्यांचं नुकसान झालं आहे, आणि त्याचे पुरावे खुटबावपासून फार लांब नाहीत, भीमा ओलांडली की शिरूर तालुक्यातच आहेत.

आधी खरा अर्धा भाग. पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन साधारण ४३ ते ५३ किलोंच्या दरम्यान असेल तर ते निरोगी समजतात. बीएमआय नावाचा जो आकडा डॉक्टर काढतात (वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं), तो भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ असावा, असा त्याचा अर्थ. तेव्हा पाच फुटी बाई ४५ किलोंची असली तर तिला उगाच ‘जरा जाड हो’ म्हणण्याचं कारण नाही. वजन कमी आहे, पण रेषेच्या आत आहे.

अशा बाईला रोज किती कॅलरी लागतात? नुसतं पडून राहिलं तरी श्वास, रक्ताभिसरण, अंगाची ऊब यांना जी ऊर्जा लागते तिला बीएमआर म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० साली तिचं सूत्र दिलं होतं. तीस ते साठ वयाच्या बाईचं वजन ८.३ ने गुणायचं आणि त्यात ७८८ मिळवायचे. ४५ किलोंना उत्तर येतं सुमारे ११६०. हेच ६५ किलोंच्या बाईसाठी केलं तर १३२७. (परिषदेच्या २०२० च्या तक्त्यांत आकडे आणखी थोडे खाली आणले आहेत, पण प्रमाण तेच राहतं.)

वजनातला फरक वीस किलोंचा, म्हणजे चव्वेचाळीस टक्के. विश्रांतीच्या खर्चातला फरक मात्र जेमतेम चौदा टक्के. एका भाकरीहूनही कमी!

याचं कारण शरीर कुठे खर्च करतं त्यात आहे. मेंदूचा एक किलो दिवसाला सुमारे २४० कॅलरी जाळतो, यकृताचा २०० च्या आसपास, हृदय आणि मूत्रपिंडं तर किलोमागे चारशेच्या वर. विश्रांतीतल्या स्नायूला किलोमागे तेराएक लागतात आणि चरबीला चार-साडेचार. बारीक बाई आणि जाड बाई यांच्यातला फरक बहुतेक चरबीचा आणि थोडा स्नायूंचा असतो, मेंदू दोघींचा जवळपास सारखाच. बारीक माणसाकडे काटकसर करायला जागा असते ती स्वस्तातल्या खात्यात. महागडी खाती तशीच चालू राहतात.

त्यावर येतो कामाचा खर्च. बैठं काम असेल तर बीएमआरच्या १.४ पट, मध्यम कष्टाचं असेल तर १.८ पट, जड कष्टाचं असेल तर २.३ पट असा ठोकताळा आहे. आता आपली ४५ किलोंची बाई सकाळी भाकरी-धुणं उरकून रानात गेली, दिवसभर खुरपलं आणि संध्याकाळी जनावरांचं करून चुलीपुढे बसली, तर मध्यम धरूनही तिला सुमारे २१०० कॅलरी लागतात. पुण्यातल्या ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या ६५ किलोंच्या बाईला लागतात साधारण १८५०. म्हणजे वीस किलोंनी हलकी असलेली बाई जास्त जेवायला हवी. ऊसतोडीला आलेली बाई असेल, पहाटे फडात उतरून मोळ्या डोक्यावर वाहणारी, तर आकडा २६०० च्या वर जातो. ‘तिला लागतंय किती’ याचं उत्तर तिच्या वजनापेक्षा तिच्या कामात शोधावं लागतं.

वजनाचा फायदा बारीक माणसाला एका ठिकाणी मात्र भरपूर होतो, तो चालण्यात. सपाटीवर एक किलोमीटर चालायला किलोमागे जवळपास अर्धी कॅलरी जादा लागते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते तो टप्पा अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपासचा. ४५ किलोंच्या वारकरी बाईला त्या दिवशी वरखर्च होतो सव्वासहाशे कॅलरींचा, ७० किलोंच्या बुवांना पावणेदहाशेचा. यवतकर मुक्कामाला पिठलं-भाकरी वाढतात ती दोघांनाही सारखीच पुरते म्हणायला हरकत नाही, कारण वारीत कुणी मोजून खात नाही.

आता वादाकडे येऊ. ‘बारीक पण ठणठणीत’ हा प्रश्न एके काळी देशाच्या दारिद्र्यरेषेचा प्रश्न झाला होता, आणि त्यातले दोन्ही पैलवान पुण्याचे होते.

१९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्या घराला झेपत नाही ते घर गरीब, अशी त्यांची कसोटी होती. १९७९ साली नियोजन आयोगाच्या गटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० असे आकडे ठरवले. याला आक्षेप घेतला पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, रोममध्ये जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले, आणि निवृत्तीनंतर पुण्यात स्थिरावलेले हे संख्याशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की, एकच माणूस, तेच काम, तेच वजन, तरी त्याचा ऊर्जेचा हिशेब आठवड्यागणिक वरखाली होतो. शरीर थोडं कमी मिळालं तर कमीत भागवतं. सरासरीला रेषा मानून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी ठरवणं संख्याशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे.

मुद्दा हुशारीचा होता आणि त्यात तथ्यही होतं. सरासरी गरजेच्या खाली निम्मी निरोगी माणसं असणारच. सुखात्म्यांनी त्याआधी प्रोटीनच्या बाबतीतही असाच प्रवाहाविरुद्धचा मुद्दा मांडला होता आणि तो पुढे बराच मान्य झाला. भारतातली प्रोटीनची टंचाई ही बहुतांशी पोटभर न मिळण्याची टंचाई आहे, असं ते म्हणत. पाच भाकऱ्यांच्या पावणेचारशे ग्रॅम ज्वारीच्या पिठात सदतीस-अडतीस ग्रॅम प्रोटीन असतं. ४५ किलोंच्या बाईची रोजची शिफारस, किलोला ०.८३ ग्रॅमप्रमाणे, तेवढीच भरते. ज्वारीचं प्रोटीन थोडं लंगडं असतं हे खरं, पण डाळीची जोड मिळाली की ते चालतं होतं.

कॅलरींच्या वादात मात्र दांडेकरांना सुखात्म्यांचा तर्क पटला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर हे द्वंद्व रंगलं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी तर ‘लहान पण निरोगी’ असा सिद्धान्तच मांडला. कमी खाऊन लहानखुरं राहिलेलं शरीर म्हणजे आजार नव्हे, ती परिस्थितीशी केलेली यशस्वी जुळवणी आहे, असा त्याचा मथितार्थ. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर खवळून लिहिलं. लहान असणं गरिबांसाठीच निरोगी कसं, श्रीमंतांची मुलं का नाही लहान राहत, असा त्यांचा रोख होता.

माझं मत गोपालन यांच्या बाजूचं आहे, आणि त्याला कारण आहे. वजनकाटा जमा-खर्चाची बरोबरी दाखवतो. ती बरोबरी कोणत्या पातळीवर झाली, हे तो सांगत नाही. माणूस २१०० खाऊन आणि २१०० खर्चून ४५ किलोंवर स्थिर राहू शकतो. १५०० खाऊनही राहू शकतो, पण मग कुठेतरी कपात झालेली असते. दुपारी रानात बसकण मारली जाते, पोर खेळायचं सोडून ओट्यावर बसतं, बाईची पाळी अनियमित होते, हातपाय गार पडतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन पाव हिश्शाने घटलं आणि विश्रांतीतला खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. शेवटी शेवटी वजन घटायचं जवळजवळ थांबलं होतं. काट्यावर पाहिलं तर ते ‘जुळवून घेतलेले’ होते. प्रत्यक्षात त्यांना जिना चढणं जड जात होतं, उन्हाळ्यातही थंडी वाजत होती आणि डोक्यात अन्नाशिवाय विचार नव्हता.

पुरावा आणखी जवळचा हवा असेल तर शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला जाऊ. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्यकार्य इथे १९७० च्या दशकात उभं राहिलं. त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी हे नाव पुढे जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेलं.

या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर. बीएमआय १८, म्हणजे रेषेच्या किंचित खाली. शेतात काम, पाणी भरणं, घरचं सगळं. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्यांचं खाणं मोजलं तर रोजच्या सरासरी १७५० च्या आसपास कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रोटीन. आता हिशेब करून पाहा. तिशीच्या आतल्या बाईचं सूत्र वजन गुणिले १४ अधिक ४७१. ४२ किलोंना बीएमआर येतो १०६० च्या घरात. मध्यम कष्टाला १९००, आणि गरोदरपणाचे ३५० धरले तर सव्वाबावीसशेहून अधिक. त्या जेवत होत्या ते दिवसभर बसून असलेल्या गरोदर बाईलाही थोडं कमीच पडलं असतं. पोटातल्या बाळासकट त्या काटकसर करत होत्या.

काटकसरीचं बिल बाळांच्या नावावर निघालं. जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. धक्का देणारी गोष्ट वेगळीच होती. आपली बाळं सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकलेली. ‘बारीक पण चरबीदार’ हे भारतीय बाळाचं वर्णन तिथून रूढ झालं. २००४ साली याज्ञिक यांनी स्वतःचा आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. चित्तरंजनरावांनी स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. बारीक भारतीयाला मधुमेह होतो त्याचं एक मूळ इथे सापडतं.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आपल्या विषयाला जास्त भिडतो. एकूण कॅलरी किंवा एकूण प्रोटीन यांचा बाळाच्या आकाराशी थेट संबंध दिसला नाही. दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध यांच्याशी, आणि सर्वांत ठळक दिसला तो चाळीस किलोंच्या आतल्या, सर्वांत हलक्या बायकांमध्ये. मेथी, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला या कॅलरींच्या दृष्टीने नगण्य गोष्टी. जुडीभर मेथीत एका भाकरीइतक्याही कॅलरी नसतात. पण ज्याचं ताट लहान, त्याच्या ताटातल्या प्रत्येक घासाला लोह, फोलेट, जीवनसत्त्वं आणण्याचं काम जास्त असतं. बी-१२ चं तर विचारूच नका. निम्म्याहून अधिक मातांमध्ये ते कमी होतं, आणि शाकाहारी घरात ते येतं फक्त दूध, दही, ताकातून. दूध डेअरीला आणि चहापुरतं घरात, ही जी गावोगावची रीत झाली आहे तिचा हिशेब इथे लागतो. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं, हे बिल वीस वर्षांनी.

मग ४५ किलोंच्या कष्टकरी बाईचं एकवीसशेचं ताट दिसतं कसं? पाऊणशे ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारी-बाजरीच्या चार भाकऱ्या धरा, हजार कॅलरी झाल्या. दोन वेळचा मिळून शंभर ग्रॅम तांदळाचा भात, साडेतीनशे. मूठभर डाळ किंवा मटकी-हुलग्याची उसळ, सव्वाशे. दिवसभरात पाच चमचे तेल, सव्वादोनशे. शेंगदाण्याची चटणी किंवा कूट पंचवीस ग्रॅम, एकशेतीस. म्हशीचं दूध दीड कप नाही, निदान एक लहान पेला, दीडशे. गुळाचा खडा, सत्तर-पंच्याहत्तर. वर पालेभाजी, कांदा, एखादं पेरू-केळं. यात श्रीमंती काहीच नाही. पण यातलं तेल आणि शेंगदाणे काढले की साडेतीनशे कॅलरी एका झटक्यात जातात. शहरातलं ‘तेल कमी, भात बंद’ हे शास्त्र आता मोबाइलवरून खुटबावातही पोहोचलं आहे. ज्यांचं वजन आधीच खालच्या काठावर आहे आणि काम रानातलं आहे, त्यांना ते लागू नाही. मुंबईतल्या जिमसाठी तयार झालेला १२०० कॅलरींचा तक्ता या बाईच्या निव्वळ श्वासाला आणि उबेला पुरेल, खुरप्याला नाही.

काठावर राहण्याची आणखी एक अडचण आहे. चूक सोसायला जागा कमी. पाच फुटी ४५ किलोंच्या बाईचा बीएमआय १९.५. तीन किलो उतरली की १८.२, रेषेखाली. तीन किलो उतरायला एक मोठा ताप पुरतो. ताप एक अंश सेल्सियसने चढला की विश्रांतीचा खर्च दहा-तेरा टक्क्यांनी वाढतो, आणि तेव्हाच तोंडाला चव नसते. टायफॉइड, डेंग्यूतून उठलेल्या जाड माणसाला वजन उतरल्याचा आनंद होतो. बारीक माणसाने मात्र पुढचे दोन महिने भाकरीवर तूप-तेलाचा हात सैल सोडायला हवा. बाळंतिणीचंही तसंच. पहिले सहा महिने अंगावर पाजायला रोज सहाशे कॅलरी जादा लागतात. डिंकाचे, अळिवाचे लाडू हा लाड नाही, तो खर्चाला मंजूर झालेला निधी आहे. फक्त तो बाराव्या दिवशी संपतो आणि बाई तिसऱ्या महिन्यात रानात जाते.

महाराष्ट्राचं चित्र आज दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २०.८ टक्के बायका बीएमआय १८.५ च्या खाली आणि २३.४ टक्के जाड निघाल्या. निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय होता. एकाच घरात सासूला शुगर आणि सुनेला हिमोग्लोबिन नऊ, हे आता नवल राहिलेलं नाही.

तेव्हा बारीक असणं गुन्हा नाही, आणि ते आपोआप निरोगी असणंही नाही. ओळखायचं कसं, तर वजन महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करावं. अंगणवाडीत आणि उपकेंद्रात काटा असतोच, आशाताईंना सांगितलं तर त्या करून देतात. बीएमआय साडेअठराच्या वर, वजन सहा महिने एकाच जागी, पाळी वेळेवर, हिमोग्लोबिन बाराच्या वर, आणि संध्याकाळी रानातून येताना पाय ओढत नसतील, तर ४५ किलो हे तुमचं वजन आहे. लोक काही म्हणोत. यातली एखादी जरी गोष्ट हुकत असेल तर आधी ताट वाढवा, टॉनिक नंतर. आणि खाणं नेहमीइतकंच असताना सहा महिन्यांत दोन-तीन किलो उतरले, तर ‘उन्हानं उतरलं असेल’ म्हणून सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी आणि रक्तातली साखर तपासून घ्या. क्षयरोग आणि मधुमेह दोन्ही असेच गुपचूप वजन खातात, आणि क्षयाची तपासणी व औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.